छायाचित्रावरून दीर्घिकासमूहाचे वजन कसे कळते?

प्रश्न : आकाशाची छायाचित्रे घेऊन शास्त्रज्ञांनी हजारो दीर्घिकासमूह शोधले आणि त्यांचे वजनही केले, असे वाचनात आले. छायाचित्रात सगळ्याच दीर्घिका एका पातळीवर दिसत असताना त्यांतल्या कोणत्या खरोखर एकत्र आहेत, हे कसे ठरवतात? आणि वजन कशाच्या आधारे करतात?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दोन्ही भागांचा निकटचा संबंध आहे, कारण समूहात कोण आहे हे ठरवताना झालेली चूक पुढे वजनातही उतरते. म्हणून आधी शोधाविषयी लिहितो.

घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतीच्या गच्चीतून रात्री पाहिले, तर समोरच्या इमारतीतली खिडकी आणि खाडीपलीकडचा दिवा शेजारीशेजारी दिसतात. आकाशाच्या छायाचित्रात दीर्घिकांचे तसेच होते. जॉर्ज एबेल यांनी पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणातील छायाचित्रांच्या काचा डोळ्यांनी तपासून 1958 साली 2712 समूहांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हाही ही अडचण होतीच. सांख्यिकीय अभ्यासासाठी समूह निवडताना, ठरावीक त्रिज्येच्या आत निदान 50 पुरेशा तेजस्वी दीर्घिका असाव्यात, असा निकष त्यांनी लावला आणि आसपासच्या आकाशात सरासरीने जितक्या दीर्घिका दिसतात तितक्या वजा केल्या. एका माणसाच्या नजरेने आणि चिकाटीने झालेले हे काम आजही वापरात आहे, याचे मला फार मोल वाटते.

पुढची मोठी मदत झाली ती रंगाची. समूहाच्या गाभ्यातील बहुतेक मोठ्या दीर्घिका लंबवर्तुळाकार आणि वृद्ध असतात. त्यांच्यात नव्या ताऱ्यांची निर्मिती जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे निळे, अल्पायुषी तारे उरत नाहीत आणि साऱ्यांचा रंग जवळपास सारखाच तांबूस दिसतो. अशा दीर्घिकेच्या वर्णपटात 400 नॅनोमीटरच्या आसपास एक पायरी असते : त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश ताऱ्यांच्या वातावरणातील कॅल्शियम व इतर धातू शोषून घेतात, म्हणून तो एकदम घटतो. दीर्घिका जितकी दूर, तितकी विश्वाच्या प्रसरणामुळे ही पायरी वर्णपटाच्या तांबड्या बाजूकडे सरकते. स्लोन सर्वेक्षणाने न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथील 2.5 मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून पाच गाळण्यांमधून आकाश टिपले. ताम्रसृती, म्हणजे या सरकण्याचे माप, सुमारे 0.35 होईपर्यंत ही पायरी हिरव्या गाळणीच्या पट्ट्यात राहते आणि दीर्घिकेचा हिरवा प्रकाश तांबड्याच्या मानाने घटत जातो; त्यापुढे ती तांबड्या गाळणीत शिरते आणि मग तुलना तांबड्या व अवरक्त प्रकाशाची करावी लागते. अर्थात या दीर्घिकांचा रंग हाच त्यांच्या अंतराचा अंदाज ठरतो. छायाचित्रात एका लहानशा जागी एकाच छटेच्या तांबूस दीर्घिकांची दाटी आढळली, की तिथे समूह असण्याचा संभव फार मोठा असतो.

याच तत्त्वावर रेडमॅपर या संगणकीय पद्धतीने स्लोनच्या छायाचित्रांतून सुमारे 25,000 समूह शोधले. ती सूची 2014 साली प्रसिद्ध झाली. ही पद्धत प्रत्येक दीर्घिकेला समूहाची सदस्य असण्याची संभाव्यता देते. एखादीला 0.9, तर कडेच्या एखादीला 0.3 मिळते आणि या साऱ्यांची बेरीज म्हणजे त्या समूहाची ‘समृद्धी’. सदस्यत्वाचा निवाडा ‘हो’ किंवा ‘नाही’ असा न करता शंका आकड्यात मांडून ठेवणे मला या पद्धतीचा सर्वांत सुंदर गुण वाटतो.

आता वजनाविषयी, म्हणजे काटेकोर शब्दांत वस्तुमानाविषयी. 1933 साली फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या कोमा समूहातील दीर्घिकांचे वेग तपासले. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधून ठेवता येणार नाहीत इतके ते वेग मोठे होते, आणि त्यावरून न दिसणारे द्रव्य तिथे बरेच असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजच्या मोजमापांनुसार समूहाच्या वस्तुमानात ताऱ्यांचा वाटा अवघा काही टक्के, कोट्यवधी अंश तापमानाच्या वायूचा त्याहून मोठा आणि बाकी सुमारे चार पंचमांश हे न दिसणारे द्रव्य, म्हणजे कृष्णद्रव्य असते.

परंतु वेगासाठी दीर्घिकांचे वर्णपट एकेक करून घ्यावे लागतात आणि हजारो समूहांसाठी ते फार वेळखाऊ आहे. छायाचित्रावरूनच वस्तुमान काढायचे, तर गुरुत्वीय भिंगाचा आधार घेतात. समूहाच्या मागे, कितीतरी दूर असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश समूहाजवळून येताना वाकतो आणि त्यांचे आकार समूहाच्या केंद्राभोवती किंचित ताणलेले दिसतात. हा ताण बहुधा एखाद्या टक्क्याचा असतो, उलट दीर्घिका मुळातच त्याच्या कितीतरी पट लांबट असतात. त्यामुळे एका दीर्घिकेवरून काहीही कळत नाही. म्हणून सारख्या समृद्धीचे शेकडो समूह एकावर एक ठेवल्यासारखे धरून त्यांच्यामागच्या असंख्य दीर्घिकांची सरासरी काढतात. मूळचा लांबटपणा सर्व दिशांना विखुरलेला असल्याने सरासरीत नाहीसा होतो आणि ताण तेवढा उरतो. चिलीतील 4 मीटरच्या ब्लँको दुर्बिणीतून झालेल्या डार्क एनर्जी सर्वेक्षणात 40 समृद्धीच्या समूहाचे सरासरी वस्तुमान या मार्गाने सुमारे 3 लाख अब्ज सूर्यांइतके आले. हा आकडा सरासरीचा आहे. 40 समृद्धीचा एखादा विशिष्ट समूह त्याहून बराच हलका किंवा जड असू शकतो.

समूहांची संख्या वस्तुमानानुसार कशी बदलते, यावरून विश्वात एकूण द्रव्य किती आणि ते किती गोळा झाले आहे, हे ठरवता येते. इतकी खटपट त्यासाठीच चालते. याच सर्वेक्षणाच्या पहिल्या वर्षाच्या माहितीवरून 2020 साली काढलेले द्रव्याचे प्रमाण इतर पद्धतींच्या मानाने फारच कमी आले. विश्वाविषयीच्या कल्पना बदलण्याऐवजी संशोधकांनी संशयाचे बोट कमी समृद्धीच्या समूहांच्या वजनाकडे दाखवले. पुढेमागे असलेले दोन लहान समूह एकाच रेषेत आले, तर ते एकच मोठा समूह भासतात, आणि रंगावरून काढलेले अंतर त्यांना वेगळे करण्याइतके सूक्ष्म नसते. मला त्यांचा सावधपणा योग्य वाटतो.

प्रश्न : सरस्वती हा महासमूह पुण्यातील शास्त्रज्ञांनी अशाच पद्धतीने शोधला का? आणि नवी मुंबईतून एखादा समूह दिसू शकेल का?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : महासमूह म्हणजे अनेक दीर्घिकासमूहांचा समूह. सरस्वतीचा शोध आयुका, आयसर आणि इतर संस्थांतील संशोधकांनी 2017 साली जाहीर केला. माहिती स्लोन सर्वेक्षणाचीच होती, पण तिथे अंतरासाठी दीर्घिकांच्या वर्णपटांचा आधार होता. मीन राशीच्या दिशेला सुमारे 4 अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या या महासमूहाचे वस्तुमान सुमारे 2 कोटी अब्ज सूर्यांइतके मानले जाते.

नेरूळच्या उजेडात समूह दिसण्याची आशा फारशी धरू नका. एप्रिल-मे महिन्यांत अमावास्येच्या सुमारास वांगणी-नेरळच्या बाजूला 8 इंची दुर्बीण घेऊन गेलात, तर उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला कन्या समूहातील एम 84 आणि एम 86 या दीर्घिका एकाच दृष्टिक्षेत्रात दोन धूसर ठिपक्यांसारख्या दिसतील. शिवाय स्लोनची माहिती सर्वांना विनामूल्य खुली आहे. सरस्वतीतीलच एबेल 2631 या समूहाच्या केंद्राभोवतीच्या दीर्घिकांची तेजस्विता आणि रंग उतरवून घ्या आणि आडव्या अक्षावर तेजस्विता, उभ्या अक्षावर हिरव्या व तांबड्या गाळणीतल्या प्रतींमधला (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) फरक असा आलेख काढा. विखुरलेल्या बिंदूंमधून तांबूस दीर्घिकांची जवळजवळ आडवी रांग वेगळी दिसेल. आलेख आमच्याकडे पाठवलात, तर आपण त्यावर पुढे बोलू.