वाचकांचे प्रश्न : क्षेपणास्त्रं किती, मेले किती?

प्रश्न : दोन देशांत क्षेपणास्त्रं सुटली की एक बाजू म्हणते, शत्रूची माणसं ढिगाने मेली, दुसरी म्हणते, साधा ओरखडाही नाही. दोघंही थापा मारत असतील, तर भडका उडणार की प्रकरण निवळणार, हे आम्ही ओळखायचं कशावरून?

उत्तर : पटायला जड जाईल, पण कधीकधी दोन्हीकडच्या थापाच भडका टाळतात. ३ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेने बगदाद विमानतळाजवळ ड्रोनहल्ला करून इराणचे सेनानी कासीम सुलेमानी यांना ठार केलं. ८ तारखेच्या पहाटे इराणने इराकमधल्या ऐन अल-असद या तळावर, जिथे अमेरिकी सैन्य होतं, बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं डागली. इराणच्या सरकारी टीव्हीने ८० अमेरिकी मेल्याचं सांगितलं. ट्रम्प म्हणाले, आमच्या एकालाही काही झालेलं नाही. वृत्तपत्राच्या डेस्कवर अशा दोन बातम्या शेजारी-शेजारी लावायच्या, वर ‘परस्परविरोधी दावे’ असा मथळा ठोकायचा आणि पान सोडायचं, ही जुनी पद्धत आहे. वाचकाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

पुढे दोन्ही दावे फोल ठरले. त्या हल्ल्यात अमेरिकेचं कुणीच मेलं नव्हतं. मात्र स्फोटांच्या दणक्याने सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचं पेंटागॉनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, हप्त्याहप्त्याने मान्य करावं लागलं. आधी ११, मग ३४, मग ५०, फेब्रुवारीत १०९. पण त्या दिवशी खोट्या आकड्यांनी आपलं काम चोख बजावलं. तेहरानला घरच्या लोकांना दाखवायला सूड हवा होता, तो ८० मध्ये मिळाला. वॉशिंग्टनला उलटा हल्ला न करण्यासाठी सबब हवी होती, ती शून्यात मिळाली.

म्हणून पहिल्या दिवशी मी मृतांचा आकडा बाजूलाच ठेवतो. आधी बघतो, हल्ल्याची कुणकुण समोरच्याला मुद्दाम लागू दिली होती का. त्या रात्री इराणकडून इराकच्या पंतप्रधानांपर्यंत तोंडी निरोप गेला होता. मग, मारा कशावर केला? लष्करी तळावर, शहरावर की तेलाच्या साठ्यांवर? आणि हल्ल्यानंतरचं पहिलं अधिकृत निवेदन आवरतं घेणारं आहे का? इराणचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री झरीफ यांनी काही वेळातच जाहीर केलं होतं की आमची कारवाई संपली, आम्हाला युद्ध नको. टीव्हीवरची आरडाओरड आणि हे निवेदन एकाच सरकारचं होतं. मी निवेदन धरून चालतो.

जून २०२५ मध्ये जवळपास तोच प्रयोग पुन्हा झाला. अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, दुसऱ्या दिवशी इराणने कतारमधल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, पण आधी कळवून. ट्रम्प यांनी आगाऊ सूचनेबद्दल जाहीर आभार मानले आणि काही तासांत शस्त्रसंधीची घोषणा केली.

पण सगळ्याच थापा इतक्या उपयोगी नसतात. २०२० च्या त्याच पहाटे तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच हवाई संरक्षण दलाने चुकून पाडलं. १७६ माणसं गेली. इराणी अधिकारी तांत्रिक बिघाडाचं तुणतुणं वाजवत राहिले, कबुली ११ तारखेला आली. त्या थापेने कुठलंही युद्ध टळणार नव्हतं.

प्रश्न : ‘नाव न सांगण्याच्या अटीवर वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितलं’, अशी बातमी मोठ्या वृत्तसंस्थेने दिली असेल तर ती मानावी ना?

उत्तर : वृत्तसंस्थेचं नाव पाहून नव्हे. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी युक्रेनच्या सीमेलगत पोलंडमधल्या एका गावात क्षेपणास्त्र पडून दोघे ठार झाले. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने एका अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्याने तातडीची बातमी दिली : रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये घुसली. आता पोलंड नाटो या लष्करी आघाडीचा सदस्य, आणि नाटोच्या कराराचं कलम ५ म्हणतं की एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला. बातमी जगभर पसरली, काही ठिकाणी कलम ५ ची भाषा सुरूही झाली. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन त्या वेळी बालीत जी-२० परिषदेला होते. क्षेपणास्त्राचा मार्ग पाहता ते रशियातून सुटलेलं दिसत नाही, असं त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाटो आणि पोलंड या दोघांनीही म्हटलं की रशियाचा मारा अडवताना युक्रेनने सोडलेलं ते क्षेपणास्त्र असावं. एपीने बातमी मागे घेतली, बातमीदाराची नोकरी गेली.

बातमी एका सूत्रावर उभी होती. अधिकारी वरिष्ठ होता म्हणून त्याने स्वतः रडारची नोंद पाहिली होती, असं थोडंच आहे? बातमीदाराला विचारायचा प्रश्न एवढाच, की तुमच्या माणसाला हे कळलं कसं. बातमीत त्याचं उत्तर नसेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. वाचकाला थांबता येतं, त्याला कुठे मथळा द्यायचाय!

प्रश्न : मग सगळाच प्रचार समजून बातम्या बघणं सोडून द्यावं का?

उत्तर : अजिबात नको. २००३ मध्ये इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचं अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांत ठासून सांगितलं, ती कधी सापडली नाहीत. म्हणून २०२२ च्या सुरुवातीला तीच अमेरिका ‘रशिया युक्रेनवर चालून जाणार’ असं सांगत होती, तेव्हा अनेक शहाण्यांनी हसण्यावारी नेलं. या वेळी ती खरं बोलत होती. व्यावसायिक कंपन्यांच्या उपग्रह छायाचित्रांत रणगाडे दिसत होते. जानेवारीच्या अखेरीस रॉयटर्सने अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने बातमी दिली, की रशियाने सीमेजवळ जखमींसाठी रक्ताचा साठा हलवला आहे. सूत्रं याही बातमीत निनावीच होती, हे खरं. पण इथे ताडून बघायला छायाचित्रं होती, आणि नुसत्या धाकासाठी रणगाडे पुरतात, रक्त कोण कशाला नेईल? २४ फेब्रुवारीला हल्ला झाला.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेला विमान पाडल्याचा व्हिडिओ खरा की खोटा, हे चटकन कसं ओळखावं?

उत्तर : चटकन ओळखता येत नाही. रात्रीचं दृश्य, हलता कॅमेरा आणि माणसाचा एकही आवाज नाही, असं असेल तर आधी व्हिडिओ गेमचा संशय घ्या. ‘आर्मा ३’ या गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली, की तो गेम बनवणाऱ्या झेक कंपनीला २०२२ मध्ये खुलासा करावा लागला. नंतरही ती फिरतच आहेत.