निबचा मऊपणा कमीजास्त करता येणारा फाउंटन पेन घ्यावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. रिंग फिरवून निब मऊ किंवा कडक करता येणारे पेन खरंच वेगळं लिहितात का, आणि त्यानं मराठी अक्षर कॅलिग्राफीसारखं जाड-बारीक येईल का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, तुम्हाला वाटतंय तसं नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, कॉम्प्युटर आहे पण मालकांना रजिस्टर हातानं लिहिलेलंच लागतं त्यामुळे दिवसाला तीन-चार पानं होतात. पेन पायलटचा जस्टस 95. मेहुणा कंपनीच्या कामानं जपानला गेला होता त्यानं आणला, किमतीत आपल्याकडे बरी जुनी मोपेड येईल एवढंच सांगतो. पायलट कंपनी 1918 ची, तिला 95 वर्षं झाली तेव्हा म्हणजे 2013 ला त्यांनी आपलाच जुना जस्टस नव्यानं काढला म्हणून नावात 95.

आता तो चालतो कसा ते बघा. निब 14 कॅरेट सोन्याची, तिच्या पाठीवर एक पातळ धातूची पट्टी बसवलेली आहे. आपण बोटं धरतो त्या भागावर रिंग आहे, ती एचकडे फिरवली की पट्टी पुढं टोकाकडे सरकते आणि निब दाबून धरते, एसकडे फिरवली की मागं जाते आणि निब मोकळी होते. एच म्हणजे हार्ड, एस म्हणजे सॉफ्ट. बस एवढंच, आत स्प्रिंग नाही की काही नाही. शाळेत आपण फूटपट्टी बाकाच्या कडेला दाबून टर्रर्र वाजवायचो आठवतंय का, बाहेर जास्त ठेवली की लवलवते आणि कमी ठेवली की ताठ होते, तेच इथं. आणि फरक वाटतो त्यापेक्षा खूप जास्त पडतो, बाहेरची लांबी निम्मी केली की तेवढ्याच जोरात पट्टी फक्त आठवा हिस्सा वाकते. निब काही सरळ पट्टी नाही त्यामुळे तंतोतंत आठपट नाही म्हणणार, पण रिंग थोडी फिरवली तरी हाताला का कळतं ते यावरून लक्षात येईल.

कल्पना जपान्यांची पहिली नाही बरं का. अमेरिकेतल्या वाहल-एव्हरशार्प कंपनीनं 1930 च्या दशकात डॉरिक नावाच्या बारा पैलूंच्या पेनात हेच केलं होतं, तिथं रिंग नव्हती, निबवरच एक छोटा सरकता तुकडा होता, नखानं पुढं-मागं करायचा. बोटाला शाई लागत असणारच.

लिहिताना काय होतं? एचवर तो साध्या चांगल्या पेनासारखा आहे, रेघ बारीक, एकसारखी, आकडे नीट येतात. एसवर नेला की पहिल्यांदा हातालाच कळतं, कागदाखाली एखादा रुमाल घडी करून ठेवलाय असं वाटतं. रेघ थोडी जाड होते कारण नुसत्या हाताच्या वजनानंसुद्धा निबची चीर जराशी उघडते आणि शाई जास्त येते. दाबलं तर अजून जाड. पण व्हिडिओत दाखवतात तशी केसाएवढी बारीक आणि मग एकदम दोन-तीन मिलिमीटर जाड रेघ जस्टसमधून निघत नाही, काढायला गेलात तर निब फाकेल आणि सोन्याची निब फाकली की ती सरळ करणारा माणूस मला तरी इथं भेटलेला नाही. थोडक्यात तो मऊ पेन आहे, दाबला की खूप जाड रेघ देणारा फ्लेक्स पेन नाही, लोक ह्या दोन्हीत गल्लत करतात.

मराठीचं सांगतो, कारण मीही तेच डोक्यात ठेवून घेतला होता. आपल्या सुंदर अक्षराचं जे चित्र डोळ्यासमोर असतं ते बोरूचं. बोरूला तिरका काप असतो आणि जाड-बारीक येतं ते काप कुठल्या दिशेनं धरलाय त्यावर, दाबण्याचा संबंध नाही. मऊ निबचं उलटं आहे, ती दाबावर चालते, आणि तेही स्वतःकडे खाली ओढताना. आडव्या रेघेला दाबून उपयोग नाही, चीर नीट उघडतच नाही. इंग्रजी तिरक्या अक्षराला हे जमतं कारण त्यात खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक हाच नियम. आपल्याकडे मात्र अक्षराच्या डोक्यावर शिरोरेघ बसलीय. त्यामुळे मऊ निबनं लिहिलं तर काना गुबगुबीत आणि शिरोरेघ सडपातळ, म्हणजे बोरूत शिरोरेघेला जे वजन असतं नेमकं तेच गायब. वाईट दिसतं असं नाही, वेगळं दिसतं. पण पाटीवरच्या अक्षरासारखं हवं असेल तर कट निब, म्हणजे बोरूसारखं टोक कापलेली, ती घ्या, पैसे वाचतील.

घरी एक प्रयोग केला होता, एकाच कागदावर "सिद्धेश्वर" हा शब्द रिंग पाच ठिकाणी ठेवून पाच वेळा लिहिला. एचवर द्ध मधली ध ची गाठ उघडी, श्व सुटसुटीत. मध्यावर सगळ्यात छान, कान्याला थोडं अंग आलं आणि गाठ तरी उघडी राहिली. पूर्ण एसवर ती गाठ शाईनं भरून नुसता ठिपका झाली, श्व म्हणजे ढग. आणि वेलांटी वर नेताना टोक कागदात रुतलं, बारीक शिंतोडा उडाला. मऊ निब वर ढकललेली आवडत नाही आणि आपल्या लिपीत मात्रा-वेलांट्या-रफार सगळं वरच चाललेलं असतं. म्हणून निब घेताना एफ म्हणजे बारीक टोकाचीच घ्या, मराठीला एम म्हणजे मध्यम नको, जोडाक्षरं बुजतात.

आता तुमच्या-माझ्या गावाचं म्हणून एक-दोन गोष्टी ज्या परीक्षणात कुणी सांगत नाही. कारखान्यात हवेत सुताचे तंतू असतातच, टेबलावर सकाळी पुसलं तरी दुपारी पांढरा थर. चीर उघडी राहणाऱ्या निबमध्ये तो तंतू अडकतो आणि मग पेन ब्रशसारखं लिहायला लागतो, मला वाटलं निब गेली, दोन रात्री झोप नाही, शेवटी भिंगातून बघितलं तर टॉवेलाचा एक धागा. कोमट पाण्यात धुतल्यावर गेला. तेव्हापासून कारखान्यात एच, घरी एस. दुसरं ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 ला जातो, तेव्हा मऊ ठेवलेली निब टोपण काढून फोनवर जरा बोलत बसलात की टोकावरची शाई वाळते, पहिलं अक्षर कोरडं. आणि अर्धा भरलेला पेन खिशात घालून दुपारी सात रस्ता चौकातून गाडी चालवत जायचं नाही, आतली हवा तापून फुगते आणि शाई बाहेर ढकलते. माझा एक पांढरा शर्ट त्यात गेला, लग्नाला चाललो होतो. एक तर पूर्ण भरा नाहीतर रिकामा करा.

खरं सांगू का, रिंग मी आता फारशी फिरवत नाही. पहिला महिना दर ओळीला फिरवायचो, बायको म्हणायची रेडिओ लावताय का. आता पंख्याच्या रेग्युलेटरसारखं झालंय, उन्हाळा आला की पाचावर आणि तिथंच. पण ते "आपलं ठिकाण" शोधता आलं हा फायदा खरा आहे, दुसरा मऊ पेन घेतला आणि तो हाताला जास्तच मऊ निघाला तर काही करता येत नाही, इथं अर्धा घेर मागं घेतला की झालं. कागदाप्रमाणेही बदलता येतं, रजिस्टरच्या स्वस्त पानावर एसवर शाई फुटते, एचवर तेवढी नाही.

घ्यायच्या आधी मात्र एक करा. दोन कागद एकावर एक ठेवून तुमच्या रोजच्या पेनानं पाच ओळी लिहा आणि खालच्या कागदावरून बोट फिरवा. खड्डे लागले तर तुमचा हात बॉलपेनचा आहे, आधी सहा महिने साधा फाउंटन पेन वापरा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात निब फाकवाल. दाब देऊन खेळायचीच हौस असेल तर नूडलर्स कंपनीचा अहाब पेन बघा, जस्टसपेक्षा खूपच स्वस्त, निब स्टीलची. त्यातही मऊपणा बदलता येतो पण रिंग वगैरे नाही, निब आणि तिच्याखालची शाई आणणारी जीभ हातानं ओढून थोडी बाहेर काढायची की मऊ, आत ढकलायची की कडक, शाईचं प्रमाणही त्यावरच जमवायचं. दोन-चार वेळा हात निळे होतील, आणि त्या प्लास्टिकला सुरुवातीला एक विचित्र वास येतो तो महिनाभर जात नाही, घरचे विचारतील. कानपूरच्या कानराइटच्याही फ्लेक्स निबा मिळतात, त्या कमीजास्त करता येत नाहीत पण फाकली तर दुसरी आणली, डोळ्यात पाणी येत नाही.

तीन प्रतींच्या चलनाला कार्बन घालून लिहायचं असेल तर ह्यातला एकही चालत नाही, एचवरसुद्धा नाही, मी करून बघितलंय. त्याला माझ्या ड्रॉवरमध्ये पाच रुपयांचा बॉलपेनच आहे.