दापोलीच्या हॉस्टेलला जाणाऱ्या मुलीसाठी सुई-दोऱ्याचा किट: पत्र्याची डबी नको, श्रीखंडाचा डबा घ्या

तुमची मुलगी ऐन पावसाळ्यात पुण्याहून दापोलीला कृषीच्या शिक्षणाला निघालीय, तिच्यासाठी घरातल्याच एखाद्या रिकाम्या डब्यातून हाताने सुई-दोऱ्याचा किट करून द्यायचाय, आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी चालेल का असं तुम्ही विचारलंय. कल्पना एकदम छान आहे, करून द्याच, फक्त ती पत्र्याची डबी नको. मी गुहागरची, शिवणकाम करते, घर समुद्राला लागून, त्यामुळे सुयांचं इकडे काय होतं ते रोज डोळ्यासमोर असतं.

पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इकडे ३००० च्या वर, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. त्यात खारी हवा. पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं बघा, हवेतलं बारीक मीठ सुईवर बसलं की तिथेही तेच होतं, दिसत नाही पण सुईवर सतत ओल धरलेली असते आणि ती गंजायला लागते. सुईला वरून निकेलचा पातळ थर असतो खरा, पण वापरून वापरून तो गेला की खाली साधं पोलादच. दापोली समुद्रापासून जरा आत आणि उंचावर आहे म्हणून खारेपणा कमी, पण ओल तेवढीच, आणि मुलं काय, सुट्टी मिळाली की मुरुड नाहीतर हर्णैच्या किनाऱ्यावर जाणारच. पत्र्याच्या डबीचंही तसंच, वरचा रंग नाहीतर कल्हई खरवडली की झाकणाच्या कडेला गंज धरतो, त्याचे डाग दोऱ्याला आणि मग कपड्याला. शिवाय त्या डब्या घट्ट लागत नाहीत, हवा आरामात आत-बाहेर करते.

म्हणून मी दोन डबे करायला सांगेन, एक मोठा आणि त्याच्या आत एक छोटा.

मोठा म्हणजे पाव किलो श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा. आपल्याकडे तो कुणी फेकत नाही, तुमच्याही फडताळात असणारच. झाकण घट्ट बसतं, गंजायचा प्रश्न नाही, पडला तरी फुटत नाही. गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा कारण आत तुपकटपणा राहतो, मग पुसून रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा, अगदी कोरडा झाल्याशिवाय आत काही भरू नका. हिंगाची डबी आकाराने सोयीची वाटते पण तो वास जात नाही, दोऱ्याला लागतो, ती घेऊ नका.

छोटा डबा फक्त सुयांसाठी आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. घरात कुणाला डायबिटीस असेल तर शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी मिळेल, बोटभर उंचीची, टप्प करून लागणाऱ्या झाकणाची. त्या पट्ट्यांना दमट हवा चालत नाही म्हणून त्या डबीतच ओल शोषणारा पदार्थ बसवलेला असतो. आपल्या साध्या हातशिलाईच्या सुया त्यात उभ्या मावतात. ती धुवायची मात्र नाही, पाणी लागलं की तो पदार्थ पाणी पिऊन बसतो, नुसती उलटी करून झटका आणि कोरड्या कपड्याने पुसा. बाहेरचं लेबल निघत नसेल तर थोडं खोबरेल तेल लावून ठेवा, चिकटा सुटतो, नंतर तेल नीट पुसून घ्या. घरात कुणाला शुगर नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या येतात ना, त्यांची उभी नळी घ्या, तिच्या झाकणात तसाच ओल शोषणारा भाग असतो.

हा पदार्थ जन्मभर पुरत नाही, उघडझाप झाली की हळूहळू भरतो. म्हणून नवीन बूट, पर्स यांच्यातून जी सिलिका जेलची पुडी निघते ती जपून ठेवा आणि एक मोठ्या डब्यात टाका. पुडी जुनी असेल आणि घरी ओव्हन असेल तर पांढरे मणी पुडीतून काढून ११०-१२० डिग्रीवर तास-दोन तास तापवा, परत कामाला येतात, मग कापडाच्या छोट्या पुरचुंडीत बांधा. बरेच जण तांदळाचे दाणे टाकायला सांगतात, मी नाही सांगणार, तांदूळ फार ओल ओढत नाही आणि चार महिन्यांत किडे होतात.

बाजारातल्या रेडिमेड किटमध्ये सुया स्पंजात नाहीतर पुठ्ठ्यात खोचलेल्या असतात, दोन्ही इकडे वाईट. पुठ्ठा ओल धरतो आणि स्पंज दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होऊन त्याचा भुगा होतो. त्यापेक्षा जुन्या लोकरी मफलरचा तुकडा घ्या, खरी लोकर हवी, ॲक्रिलिकची नको. दोन बोटं रुंदीची पट्टी कापा, तिच्यावर शिवणमशीनच्या तेलाचा एकच थेंब पसरून चोळा, त्यात सुया टोचून गुंडाळी करा आणि डबीत सोडा. वापरायच्या आधी सुई एकदा चिंधीत टोचून काढायची म्हणजे कपड्याला तेलाचा डाग पडत नाही. खोबरेल तेल इथे नको, चिकट होतं आणि खवट वास येतो. जुन्या बायका सुयांच्या उशीत विंचरताना निघालेले केस भरायच्या, केसांच्या तेलाने सुया गंजत नसत. तुम्हाला हौस असेल तर श्रीखंडाच्या झाकणाला आतून सुती साडीच्या तुकड्याची छोटी उशी करून चिकटवा, पण तीत रोजच्या दोन टाचण्याच ठेवा, सुया नकोत.

आता आत काय. दोन मध्यम सुया, एक बारीक, एक मोठ्या नेढ्याची. सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, ७-८ नंबर रोजच्या कामाला बरोबर. एक दाभण नक्की द्या, सॅकचा पट्टा तुटतो तेव्हा साधी सुई कामाची नाही, दाभण डबीत मावत नाही म्हणून तेलाच्या चिंधीत वेगळं गुंडाळा. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा दमट हवेत कुजतो आणि काळा पडतो. अख्खी रिळं नकोत, संपलेल्या एटीएम कार्डाचे उभे तुकडे करून कडेला खाचा पाडा आणि प्रत्येकावर पाच-सहा मीटर दोरा गुंडाळा. काळा, पांढरा आणि तिच्या ड्रेसांचे जे रंग असतील ते, रंग तिलाच निवडू द्या. बटणं, हूक, सेफ्टी पिना, एक मोठी पिन नाडी ओवायला, हातभर इलास्टिक. हूक आणि पिना पितळी मिळाल्या तर तेच घ्या, साध्या लोखंडी हुकांचे घामाने तांबूस डाग पडतात. तसा डाग पडलाच तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायला सांगा, पांढऱ्या कपड्यावरच हां, रंगीत कपड्याचा रंग उडू शकतो. कात्रीऐवजी नेलकटर चालतो. मेणबत्तीचा एक तुकडा विसरू नका, दोरा त्यावरून ओढला की गुंता होत नाही आणि बॅगेची चेन अडकली तरी तोच घासायचा.

हे सगळं तिकडे खरं कशाला लागणार तर छत्रीला! कोकणातल्या वाऱ्यात छत्रीचं कापड काडीच्या टोकापासून सुटतंच, आणि तेवढ्यासाठी पोरं नवीन छत्री घेतात. काडीच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यातून दुहेरी पॉलिस्टरचा दोरा ओवून कापडाच्या टोकातून चार-पाच टाके, शेवटी दोरा काडीभोवती दोनदा फिरवून गाठ, झालं, पाच मिनिटांचं काम आणि छत्री अख्खा सीझन टिकते. सुटल्या सुटल्या लगेच करायचं, एक टोक मोकळं राहिलं की काडी वाकते आणि मग छत्री दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी लागते. रेनकोट फाटला तर मात्र सुई लावू नका, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येतं, त्याला आतून चिकटपट्टी लावायची, म्हणून डब्यात चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा प्लॅस्टिकला चिकटवून ठेवा.

नुसता डबा देऊन पाठवू नका, निघायच्या आधी तिच्याकडून दोन-तीन गोष्टी करून घ्या. छत्रीचं सांगितलंच. दुसरं, लॅबच्या ॲप्रनची बटणं, कापड जाड असतं आणि बटण अगदी चिकटून लावलं की काजात नीट बसत नाही, ओढून ओढून दोरा तुटतो. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी धरून टाके घालायचे, मग काडी काढून बटणाखाली त्याच दोऱ्याचे तीन-चार वेढे घट्ट द्यायचे आणि गाठ कापडाच्या मागच्या बाजूला मारायची. तिसरं म्हणजे खांद्यावर किंवा काखेत उसवलेली शिवण, तिथे नुसता धावदोरा टिकत नाही, प्रत्येक टाका अर्धा मागे घेऊन पुढे जायचं.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की मोठा डबा रिकामा करून सगळं दुपारभर उन्हात पसरायला सांगा. पुडी बदलायची आणि लोकरीच्या पट्टीला तेलाचा नवीन थेंब. एखाद्या सुईवर तांबूस ठिपका दिसला तर बारीक पॉलिश पेपरवर चार वेळा ओढून पुसायची, आणि टोकालाच खड्डा पडला असेल तर ती सुई टाकून द्यायची, ती चांगल्या कपड्याचे धागे ओढते.