बुलेटचा चोक हँडलवर आणायचा असेल तर

तुमच्या जुन्या बुलेट ३५०ला मिककार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आहे आणि त्यावरचा चोकचा, म्हणजे थंड इंजिन उठवायला पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या सोयीचा, लिव्हर काढून हँडलवर केबलने आणायचाय. होण्यासारखं काम आहे भाऊ, पण लिव्हर विकत घेण्याआधी कार्ब्युरेटर कोणता हे नीट बघून घ्या. जुन्या अमल मोनोब्लॉक कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी स्लाइड. तिथे केबल ओढली की चोक निघतो, आणि केबल तुटली तर स्लाइड खाली बसून गाडी नुसतं पेट्रोल पिते. व्हीएमचं उलटं आहे. तिथे हवा अडवली जात नाही, प्लंजर (छोटा दट्ट्या) वर उचलला की पेट्रोलची वेगळी वाट उघडते. म्हणजे केबल ओढली की चोक लागतो.

ही वाट थ्रॉटल स्लाइडच्या (मूठ पिळली की वर जाणाऱ्या स्लाइडच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला उघडते आणि इंजिनाच्या ओढीवर चालते. म्हणून चोक लावून किक मारताना थ्रॉटल बंदच ठेवायचा. मूठ पिळली की ओढ कमी होते आणि चोक असून नसल्यासारखा. 'चोक काम करत नाही' या तक्रारींतल्या पुष्कळशा इथेच मिटतात, केबलचा खर्चही वाचतो.

आता काम. लिव्हरचा संच आटे सोडवून प्लंजर आणि स्प्रिंगसकट बाहेर काढा. त्याआधी लिव्हरने प्लंजर किती मिलिमीटर उचलला जातो ते व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजून लिहून ठेवा. हँडलवरच्या लिव्हरने केबल किमान तेवढी ओढली पाहिजे. केबलचा प्लंजर आणि त्यावर आट्यांनी बसणारी टोपी आणताना जुना माल सोबत न्या, आटे आणि प्लंजरची जाडी जुळवूनच घ्या. टोपी पितळेची मिळाली तर उत्तम. बॉडीचे आटे मऊ असतात, टोपी हातानेच सुरू करा, पाना शेवटच्या पाव फेऱ्याला. प्लंजरच्या बुडाचं रबर नखाने दाबून बघा. कडक झालं असेल किंवा त्यावर खोल गोल खाच पडली असेल तर प्लंजर नवा टाका.

लिव्हर २२ मिमी हँडलचा आणि घट्ट फिरणारा घ्या. सैल असेल तर स्प्रिंग त्याला परत ओढते आणि चोक टिकत नाही. डाव्या बाजूला क्लचसोबत डीकॉम्प्रेसरची (किक हलकी करणाऱ्या लिव्हरची) गर्दी असते, त्यामुळे जागा आधी हाताने तपासा, मग क्लॅम्प कसा.

केबल टाकीखालून न्या, सिलिंडर हेड आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर. कुठेही काटकोनात मोडू नका. निपल (केबलच्या टोकाचा धातूचा मणी) झाळताना तारेचं टोक आधी फुलवा, मग फ्लक्स लावून शिसं आत जाऊ द्या. नुसतं वरून चोपडलेलं निपल काही दिवसांतच सुटतं. कार्ब्युरेटरच्या टोकाला रबरी टोपण हवंच, नाहीतर पावसाळ्यात केबलमधून पाणी प्लंजरवर उतरतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ढिलाई. चोक बंद असताना केबलमध्ये २-३ मिमी मोकळीक ठेवा. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, कुठेही ताण आला नाही पाहिजे. प्लंजर केसभर जरी उचललेला राहिला तरी आयडल (मूठ सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) वरखाली होतं, प्लग काळा पडतो, अॅव्हरेज घसरतं, आणि मिस्त्री पायलट स्क्रूशी (आयडलचं मिश्रण जुळवणाऱ्या स्क्रूशी) खेळत बसतो. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे नागपुरातल्या फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारून इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा आणि केबलचा अॅडजस्टर आणखी ढिला करा. आवाज बदलला तर प्लंजर पूर्ण बसत नव्हता. मग चोक लावा. गरम इंजिन अडखळलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर केबल पुरेशी ओढली जात नाही किंवा स्टार्टर जेट (चोकच्या पेट्रोलचं बारीक भोक) तुंबलंय.

आणि आपल्याकडे चोकची खरी गरज डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळीच. एप्रिल-मेमध्ये तर गाडी बहुधा चोकशिवायच उठते, केबल तशीच पडून राहते आणि आत जाम होते. म्हणून उन्हाळ्यातही अधूनमधून लिव्हर चारदा मागेपुढे करा, वरून पातळ तेलाचे दोन थेंब सोडा. ग्रीस नको, धूळ धरतं.