मुलांसोबत पहिली पेटी करताना

पहिल्यांदाच करताय ना, मग सागाच्या मागे लागू नका. १२ मिमी जाडीची पाईनची पट्टी घ्या. हलकी असते आणि मुलांच्या हातानेही कापली जाते. तळाला ६ मिमी प्लाय पुरतो.

मापात एक चूक हमखास होते. पेटी बाहेरून २० बाय १२ सेंमी हवी असेल, तर लांब बाजू २० च्या, पण आखूड बाजू १२ च्या नव्हे, ९.६ च्या कापायच्या. दोन्हीकडची लाकडाची जाडी वजा होते. हे गणित मुलांनाच करू द्या, पट्टी हातात देऊन.

करवत तुम्ही धरा, पॉलिश पेपर त्यांना द्या. आधी १२० नंबर, मग २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलं की ओरखडे उठतात आणि तेल लावल्यावर ते जास्तच दिसतात. माझी लेक दर दोन मिनिटांनी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायची, ‘अजून टोचतंय’ म्हणायची आणि पुन्हा घासायला बसायची. त्या कामात घाई करू नका.

फेव्हिकॉल लावल्यावर चारही बाजूंना सुतळी घट्ट गुंडाळा आणि रात्रभर हात लावू नका. चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्याच असतील तर आधी बारीक छिद्र पाडा, नाहीतर टोकाशी लाकूड फाटतं. ठोकताना मुलाने चूक बोटांनी नाही, कपड्यांच्या चिमट्याने धरायची.

शेवटी जवसाचं तेल लावा. तेलाचा बोळा मात्र चुरगळून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवा. बिजागरी पुढच्या पेटीला. आत्ता नुसतं उचलायचं झाकण पुरे.