भावाला द्या, पण सहा वर्षं देऊ नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही ४७ वर्षांच्या, एकट्या कमावत्या. साठीनंतरसाठी नऊ वर्षांच्या घरखर्चाएवढी पुंजी साठवलीत. धाकट्या भावाला धंद्यासाठी त्यातली सहा वर्षांची रक्कम हवी आहे, शिवाय त्याच्या कर्जाला जामीन राहावं अशीही त्याची इच्छा आहे. तुम्ही विचारता, 'मी एकटा जीव, मला लागतंच किती?'

किती लागतं ते मोजूनच बघू. परतावा ८ टक्के आणि महागाई ५ टक्के धरली, तर आजचे नऊ वर्षांचे पैसे साठीला साधारण तेरा वर्षांचे होतात. पगाराचा पाचवा भाग तुम्ही अजूनही बाजूला टाकता, त्याचे जवळजवळ चार. म्हणजे सतरा. आज काढून दिलेल्या सहा वर्षांच्या पैशांचे साठीला जवळजवळ नऊ झाले असते. ते गेले की उरतात फक्त आठ. पुंजीची वाढ तेव्हा महागाईइतकीच राहिली, तर अडुसष्टाव्या वर्षी तळ दिसेल. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेन्गेन यांनी तिथल्या जुन्या आकड्यांवरून १९९४ मध्ये हिशोब मांडला होता: पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढायचे, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची, तर पैसे निदान ३० वर्षं पुरतात. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पुंजी. हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा लागू होत नाही, पण सतरा वर्षांची पुंजीसुद्धा ऐसपैस नाही, एवढं त्यावरून कळतं.

'नंतर भरून काढेन' असंही तुम्ही लिहिलंय. तुमच्या बचतीच्या वेगाने, वाढ न धरता, एका वर्षाचा खर्च साठायला चार वर्षं लागतात, सहा वर्षांचा साठायला चोवीस. नोकरी उरली आहे तेरा वर्षं. ठेवी मुदतीआधी मोडल्याचा दंड आणि कर मी यात धरलेलाच नाही.

तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या तक्त्यात भाऊ, भाची, आईचं औषध, मैत्रिणीची अडचण, सगळ्यांना ओळी आहेत. तुमच्या नावाची एकच: 'दाढ – पुढच्या वर्षी'. गेल्या वर्षीच्या तक्त्यातही ती तशीच होती. (दाढ तेवढी या महिन्यात दाखवून घ्या. दुखणं जितकं लांबवाल तितकं बिल वाढतं.) भावाला समोर येऊन मागता येतं. सत्तरीतल्या तुम्हाला आज येऊन काही मागता येत नाही, म्हणून दर वेळी तिचाच वाटा कापला जातो.

मग द्यायचंच नाही का? तसं मी म्हणणार नाही. तो मेहनती आहे हे तुमच्याच पत्रातून दिसतं, आणि नात्यात कधी हात सैल सोडावाही लागतो. एका वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम द्या. साठीला तरी पंधरा वर्षांची पुंजी उरेल. ती उसनी म्हणून देऊ नका, दिली म्हणून द्या. उसनं न फिटलं की प्रत्येक सणासमारंभाला ते मध्ये येऊन बसतं. अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले आठ महिन्यांचे पैसे यातून पूर्णपणे बाहेर.

जामीन मात्र राहू नका. त्याने हप्ता थकवला की बँक तुमच्या दारात येऊ शकते. बहुतेक ठिकाणी आधी त्याच्याकडून वसुली करून बघण्याचं बंधनही तिच्यावर नसतं. पैसे देताना निदान आकडा तुमच्या हातात असतो. जामिनात तो भावाच्या धंद्याच्या हातात जातो.

पत्रात एक गोष्ट आलेली नाही: भाऊ स्वतःचे किती घालतोय? पैसे देण्याआधी त्याला हे विचारा, आणि धंद्याचा पहिल्या वर्षाचा जमाखर्च कागदावर मागा. तो चिडेल कदाचित. ताईने हिशोब मागायची त्याला सवय नाही.

तक्ता दुरुस्त करून मला परत पाठवा. दाढेची ओळ सगळ्यात वर लिहा.