एड्रिकच्या मरणात आयरनी कुठली?

प्रश्न: 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या १९८२ च्या 'अर्थशॉक' या कथेत डॉक्टरचा (मालिकेच्या नायकाचा) तरुण साथीदार एड्रिक मरतो त्याला आयरनी (नियतीचा उलटा खेळ) का म्हणतात? मला तर नुसतं रडू आलं.

उत्तर: अहो, मलाही येतं! गणितात हुशार पोरगं, पृथ्वीवर आदळणारं जहाज थांबवायला कोड सोडवत बसतं, शेवटचाच राहतो आणि एक सायबरमॅन (यंत्रमानवासारखा शत्रू) स्वतः मरता मरता जहाजाचा कन्सोलच उडवतो, आपलं उत्तर बरोबर होतं का ते त्याला कळतच नाही. पण जहाज तोवर काळात साडेसहा कोटी वर्षं मागे गेलेलं, त्याच्याच धडकेने डायनासोर संपतात, म्हणजे तो जिंकला असता तर माणूसच झाला नसता! आणि सायबरमॅनना सोनं घातक, म्हणून एड्रिकच्या गणिताच्या बॅजमधल्या सोन्यानेच डॉक्टर त्यांच्या म्होरक्याला, सायबर लीडरला, हतबल करतो आणि मग मारतो. शेवटची नावं म्युझिकशिवाय जातात, समोर तो तुटलेला बॅज.